हातातले आणि हाताबाहेरचे

सर अलेक्झांडर ग्रँट हे नाव आज देहू-आळंदीच्या वाटेवर कुणाच्या तोंडी नाही. ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचा अभ्यासक म्हणून ऑक्सफर्डमध्ये नाव मिळवलेल्या या विद्वानाने १८५८ मध्ये प्राचीन स्टोइक तत्त्ववेत्त्यांवर निबंध लिहिला. पुढे तो मुंबईत आला, एल्फिन्स्टन कॉलेजचा प्राचार्य झाला आणि नंतर मुंबई इलाख्याचा शिक्षण संचालक. १८६७ मध्ये त्याने एका इंग्रजी नियतकालिकात तुकारामांवर लेख लिहिला. त्याच्याच पुढाकाराने सरकारने २४,००० रुपये मंजूर करून तुकारामांची गाथा संशोधून छापण्याचे काम विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांच्याकडे सोपवले. इंदुप्रकाश छापखान्यातून तिचे दोन खंड १८६९ आणि १८७३ मध्ये निघाले, तोवर ग्रँट एडिंबरोला गेला होता. ग्रीस-रोमच्या त्या जुन्या पंथावर लिहिणारा माणूसच देहूच्या वाण्याच्या अभंगांसाठी सरकारी तिजोरी उघडायला लावतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. हल्ली पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कंपन्यांत मन खंबीर ठेवण्याची व्याख्याने होतात आणि त्यांत मार्कस ऑरेलियसचे नाव घेतले जाते, तेव्हा ऐकणाऱ्याची समजूत अशी होते की हा माल बाहेरून आला आहे. माझे म्हणणे असे आहे की ही साधना याच पट्ट्यात, इंद्रायणीच्या काठी, व्यापारात बुडालेल्या एका माणसाच्या हिशेबातून उभी राहिली होती. शिवाय आज ती ज्या अर्थाने शिकवली जाते, म्हणजे सोसा आणि गप्प राहा, तो अर्थ तिला इथे कधीच पुरता लागू नव्हता.

मुळात स्टोइक कोण, हे थोडक्यात सांगायला हवे. या पंथाचा आद्य पुरुष झेनो हा सायप्रसचा व्यापारी. त्याचे जहाज मालासकट बुडाले आणि तो अथेन्सला तत्त्वज्ञानाकडे वळला, अशी कथा आहे. इ. स. पूर्व ३०० च्या सुमारास तो बाजारचौकाला लागून असलेल्या चित्रांच्या ओसरीत शिकवू लागला. त्याच्यानंतर पंथाची धुरा वाहणारा क्लिअँथिस रात्री बागांना पाणी शेंदून घाली आणि दिवसा शिके. रात्रपाळी करून सकाळी आयटीआयच्या वर्गात बसणाऱ्याला त्याची वेगळी ओळख करून द्यायला नको. एपिक्टेटस तर रोममध्ये गुलाम होता. त्याच्या शिकवणुकीचा गाभा एका वाटणीत आहे: आपले मत, आपली इच्छा, आपले वागणे हे आपल्या हातात, शरीर, मालमत्ता, लौकिक आणि अधिकार हाताबाहेर. पहिल्यासाठी जिवाचे रान करायचे, दुसरे गेले तर त्यापायी स्वतःला मोडून घ्यायचे नाही. सेनेका रोज रात्री दिवा गेल्यावर दिवसभराच्या बोलण्याचालण्याचा झाडा घेत असे. सम्राट असलेला मार्कस ऑरेलियस लढाईच्या छावणीत स्वतःसाठीच टिपणे लिहीत होता, आणि त्याच काळात साथीच्या रोगाने साम्राज्य पोखरले जात होते. म्हणजे हे पुस्तकी शास्त्र नव्हते. तोटा, साथ, गुलामी, हद्दपारी यांत उभे राहण्याची ती रोजची तालीम होती.

आता देहूकडे पाहू. तुकाराम बोल्होबा मोरे यांच्या घराण्याकडे बाजाराची महाजनकी होती, सावकारी होती, दुकान होते. आईवडील गेले, थोरला भाऊ सावजी घर सोडून गेला आणि सतराव्या शतकाच्या चौथ्या दशकाच्या तोंडाशी दख्खनवर भीषण दुष्काळ आला. त्या दुष्काळात पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला, धंदा बुडाला. यांतले बरेचसे तुकारामांनी आपल्या एका आत्मचरित्रपर अभंगात स्वतःच सांगितले आहे, आणि त्या अभंगाची मांडणी पाहण्यासारखी आहे. आधी जात आणि व्यवसाय, मग मृत्यू, मग दिवाळे, मग लोकांत वाटलेली लाज, आणि त्यानंतर लगेच पडझड झालेले देऊळ दुरुस्त करण्याचा विचार. एकेक नोंद वहीत घालावी तसा तो क्रम आहे. गेलेल्याची नोंद झाली की हाताशी काय उरले ते पाहायचे. उरले होते ते पूर्वजाने, विश्वंभरबाबांनी, स्थापलेल्या विठ्ठलाचे मोडके देऊळ. तिथून काम सुरू झाले.

कर्जखतांची गोष्ट परंपरेने सांगितली आहे. लोकांकडे येणे असलेल्या पैशांची खते घरात होती. दुष्काळाने कूळ नागवे झालेले, वसुली करायची तर माणसे पिळायची. धाकटा भाऊ कान्होबा याने आपल्या वाट्याचा प्रश्न काढला, तेव्हा तुकारामांनी निम्मी खते त्याला दिली आणि आपल्या वाट्याची निम्मी इंद्रायणीत सोडली. या कथेत मला सगळ्यात खोल वाटते ती ही वाटणी. त्यागाच्या भरात सगळीच खते बुडवणारा माणूस मोठा दिसला असता, पण भावाच्या हक्काचे ते त्याच्या हातातले नव्हते. आपले तेवढेच सोडायचे, दुसऱ्याचे सोडण्याचा आपल्याला अधिकार नाही, हा विवेक एपिक्टेटसच्या वाटणीपेक्षा रतिभरही कमी काटेकोर नाही. शिवाय एपिक्टेटस सांगतो तिथे माणूस मालमत्तेचा मोह सोडतो आणि एकटा मोकळा होतो. इथे खते बुडाली तेव्हा तुकाराम मोकळे झालेच, आणि त्यांच्याबरोबर आसपासची कर्जदार कुळेही मोकळी झाली. हा फरक पुढच्या सगळ्या विवेचनात लक्षात ठेवावा लागेल.

यावर इतिहासाचा अभ्यासक म्हणेल की कर्जखतांची कथा महिपतीबुवांसारख्या चरित्रकारांकडून आली. ‘भक्तविजय’ १७६२ चा आणि ‘भक्तलीलामृत’ १७७४ चा, म्हणजे तुकारामांच्या निर्वाणानंतर शतकभरापेक्षा जास्त काळ लोटलेला. तिच्यावर विचार कसा उभा करायचा? आक्षेप रास्त आहे. दुष्काळ, बायकोचा मृत्यू, दिवाळे आणि देऊळ यांना तुकारामांच्या स्वतःच्या शब्दांचा आधार आहे, खतांना तसा नाही, हे मान्य करूनच बोलले पाहिजे. पण प्रश्न एका माणसाच्या चरित्राचा नाही, एका प्रदेशाने जपलेल्या साधनेचा आहे. झेनोच्या बुडालेल्या जहाजाची कथाही त्याच्यानंतर पाचशेच्या आसपास वर्षांनी डायोजिनीस लेअर्टिअसने नोंदवली, आणि पंथाने ती जपली कारण तिच्यात त्यांना स्वतःचा चेहरा दिसला. मावळ आणि खेडच्या शेतकऱ्यांनी, कुळांनी, बलुतेदारांनी पिढ्यान् पिढ्या कीर्तनातून तुकारामांच्या आयुष्यातला जो प्रसंग पुनःपुन्हा ऐकला तो बुडवलेल्या खतांचा होता. कर्जात बुडालेल्या समाजाने आपला आदर्श सावकारांतून निवडला आणि सावकारी सोडण्याच्या क्षणी निवडला. हा पुरावा लहान नाही.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. स्टोइक विवेकाने भावनांचा निचरा करायला सांगतात, तुकाराम तर रडतात, भांडतात, विठ्ठलाला शिव्या देतात, लेकरासारखे हट्ट करतात. एकाचा भरवसा विश्वात भरलेल्या बुद्धीवर, दुसऱ्याचा विटेवर उभ्या असलेल्या सगुण देवावर. हे दोघे एका ओळीत बसवणे म्हणजे ओढाताण नव्हे काय? ओढाताण होते, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. तुकारामांना स्टोइक म्हणणे चुकीचे ठरेल. मी तुलना करतो आहे ती सिद्धांतांची नाही, सरावाची. स्वतःच्या मनाशी रोज बोलणे, त्याला साक्षी ठेवून चुका मोजणे, निंदा आणि स्तुती सारख्याच तोलण्याचा यत्न करणे, मरण डोळ्यांपुढे ठेवून आजचा दिवस वापरणे: या गोष्टी गाथेत पानोपानी आहेत. फरक दुःखाला दिलेल्या वागणुकीत आहे, आणि तिथे मला देहूची रीत सरस वाटते. दुःख हा बुद्धीचा चुकलेला निवाडा आहे असे स्टोइक म्हणतात, त्यामुळे रडणाऱ्याच्या वाट्याला दुःखावर आणखी अपराधभावही येतो. तुकारामांनी दुःख उघड मांडले, मोठ्याने मांडले, चारचौघांत टाळांच्या साथीने मांडले. मोकळे झालेले मन मग कामाला लागते. पाळीवरून दमून आलेल्या माणसाला ‘वाईट वाटून घेऊ नकोस’ म्हणण्यापेक्षा त्याला कुणाच्या तरी शेजारी बसून गायला मिळणे अधिक उपयोगाचे असते, हे या परंपरेने फार लवकर ओळखले.

म्हणूनच हा विचार इथे ग्रंथापेक्षा रूढीत टिकला. तुकारामांचे धाकटे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये पालखी सोहळा सुरू केला. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी आळंदीहून ज्ञानेश्वरांची स्वतंत्र पालखी काढली. एकादशी, हरिपाठ, माळ, महिन्याची आणि वर्षाची वारी ही सगळी शिस्त सामान्य माणसाच्या दिवसात आणि पंचांगात बसणारी होती. देहूची पालखी आजही देहूबाहेरचा पहिला मुक्काम आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात करते आणि पुढे चिंचवड, पिंपरी, कासारवाडी, दापोडी या रस्त्याने पुण्याला जाते. याच रस्त्याच्या दोन्ही अंगांना विसाव्या शतकात कारखाने उभे राहिले. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६० च्या सुमारास आकुर्डीत बजाज आले, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, साठच्याच दशकात टाटांची टेल्को आली. १९७० ला नगरपालिका आणि १९८२ ला महानगरपालिका. १९७२ च्या दुष्काळाने गावे रिकामी केली तेव्हा या पट्ट्याने माणसे ओढून घेतली, आणि त्यांच्याबरोबर टाळ, पखवाज, माळाही आल्या. इंद्रायणीकाठच्या जुन्या दुष्काळातून घडलेली साधना नव्या दुष्काळाने हुसकलेल्या माणसांच्या कामी आली.

आणि इथेच खरा आक्षेप उभा राहतो, ज्याच्यापुढे आधीचे दोन किरकोळ आहेत. समाधानाची ही शिकवण मालकाच्या सोयीची नाही काय? अनंताने ठेवले तसे राहावे, चित्तात समाधान असू द्यावे, अशा अर्थाचा तुकारामांचा अभंग कोणत्याही व्यवस्थापकाला भिंतीवर लावायला आवडेल. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘जातिप्रथेचे उच्चाटन’ या निबंधावरील गांधीजींच्या टीकेला उत्तर देताना संतांवर नेमका घाव घातला: संतांनी देवापुढे सगळे सारखे म्हटले, माणसामाणसांतली विषमता मात्र तशीच राहू दिली. त्याच बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडला, तुकारामांच्या गावापासून हाकेच्या अंतरावर, बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. हा घाव स्टोइकांवरही तितकाच बसतो. गुलामाशी माणसासारखे वागा असे सेनेकाने कळवळून लिहिले, पण गुलामगिरी मोडा असे लिहिले नाही. हे दोन्ही आरोप मला खरे वाटतात. मनाची मुक्ती मिळाली म्हणून अंगावरची बेडी सुटत नाही, आणि बेडी असतानाही मन मोकळे ठेवता येते हे सांगणाऱ्याने बेडीविषयी गप्प बसणे हा दोष आहे.

पण दोष मान्य केल्यावरही एक गोष्ट उरते, आणि ती खुद्द बाबासाहेबांच्याच वागण्यात दिसते. १९२० मध्ये त्यांनी ‘मूकनायक’ काढला तेव्हा त्याच्या शिरोभागी तुकारामांचा अभंग छापला. ज्या परंपरेत फक्त शरणागती आहे तिच्यातून कुणी मुक्या माणसांना वाचा देणारे ब्रीद उचलत नाही. तुकारामांच्या आयुष्यातला दुसरा मोठा प्रसंग पाहा. शूद्राने वेदांचा अर्थ सांगायचा नाही, म्हणून वाघोलीच्या रामेश्वरभटांच्या सांगण्यावरून वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या असे परंपरा सांगते. पुढचे तेरा दिवस तुकाराम नदीकाठी अन्नपाणी सोडून बसले. या तेरा दिवसांचा उल्लेख त्यांच्या अभंगांतही आहे. अनंताने ठेवले तसे राहण्याची शिकवण सोयीपुरती उचलणाऱ्यांनी हे तेरा दिवस वगळलेले असतात. वह्या गेल्या, निवाडा विरुद्ध गेला, धर्मसत्ता समोर उभी. हातात राहिले काय, तर स्वतःची भूक. तुकारामांनी तीच पणाला लावली. रोममध्येही असा एक जण होता. सम्राट व्हेस्पेशियनने हेल्विडियस प्रिस्कसला सिनेटमध्ये येऊ नकोस, आलास तर बोलू नकोस, असे बजावले. मला काढून टाकणे तुझ्या हातात आहे, पण सदस्य आहे तोवर येणे आणि विचारले तर बोलणे माझे काम आहे, अशा आशयाचे उत्तर त्याने दिल्याचे एपिक्टेटस सांगतो. अशा वागण्यापायी पुढे हेल्विडियसचा जीव गेला.

या पट्ट्याच्या कामगार इतिहासात हीच रीत पुन्हा दिसते. १९८९ च्या सप्टेंबरात राजन नायर यांच्या नेतृत्वाखाली टेल्कोचे कामगार शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले. महिनाअखेरीस पोलिसांनी रातोरात त्यांना उचलून नेले आणि लढा मोडला. तो लढा कितपत शहाणपणाचा होता यावर मतभेद आहेत. माझा मुद्दा साधनाचा आहे. यंत्र मालकाचे, गेट मालकाचे, पोलीस सरकारचे. शरीर आणि भूक तेवढी आपली. एपिक्टेटसने शरीर हाताबाहेरच्या रकान्यात टाकले होते. इंद्रायणीकाठच्या माणसाने आणि शनिवारवाड्यावरच्या कामगाराने ते आपल्या रकान्यात ओढून घेतले.

मला या सगळ्यातून दिसते ते असे. हातातले आणि हाताबाहेरचे यांच्यामधली रेघ निसर्गाने कायमची आखून दिलेली नाही, तिला इतिहास आहे. एकट्या हेल्परला पाळीचे तास बदलता येत नाहीत, जादा कामाचा दर ठरवता येत नाही, लाइनचा वेग कमी करता येत नाही. त्याच्या दृष्टीने हे सगळे पावसाइतकेच हाताबाहेरचे. पण १९४८ च्या कारखाना कायद्याने कामाच्या तासांना मर्यादा घातली, आणि तीन-साडेतीन वर्षांनी होणाऱ्या वेतनकरारांनी पगार, कँटीन, बस, रजा या गोष्टी वाटाघाटींच्या टेबलावर आणल्या. जे काल दैव होते ते आज कलम झाले. २०१३ मध्ये चाकणच्या बजाज ऑटोच्या कामगारांनी ५० दिवस काम बंद ठेवले तेव्हा कंपनीचे शेअर सवलतीत मिळावेत अशी त्यांची मागणी होती. ती मान्य न होताच काम सुरू झाले. तरी रेघ पगारापाशी थांबवायची की मालकीपर्यंत न्यायची, हा प्रश्न कामगारांनी विचारला याचे मोल मी कमी लेखत नाही. उलटही घडते. सप्टेंबर २००७ मध्ये आकुर्डीतले बजाजचे उत्पादन थांबले, आणि कायम नोकरीच्या जागी कंत्राटी आणि ट्रेनी यांचा काळ पसरला, तशी रेघ कामगाराच्या अंगावर परत सरकली. सात-आठ महिन्यांनी ब्रेक मिळणाऱ्या मुलाला ‘तुझ्या हातात आहे त्यावर लक्ष दे’ हे सांगणे खोटे नाही, पण त्याच्या हातात इतके थोडे का उरले हे त्याच दमात सांगितले नाही तर ते अर्धे सत्य होते. स्टोइकांच्या उपदेशात ही उणीव आहे, कारण त्यांचा साधक एकटा आहे. वारीचा साधक दिंडीत चालतो. एकट्याच्या हातातले आणि दिंडीच्या हातातले यांत फरक असतो, एवढी जागा या परंपरेत पहिल्यापासून होती.

या परंपरेचा सर्वांत अवघड कस लागला तो भामचंद्राच्या पायथ्याशी. तुकाराम ज्या डोंगरांवर एकांताला जात त्यांत भंडारा, घोरावडेश्वर आणि भामचंद्र येतात. भामचंद्र चाकणजवळ शिंदे-वासुलीच्या शिवारात आहे. त्याच्या आसपास एमआयडीसी वाढली आणि डाऊ केमिकल्सने शिंदे गावी संशोधन केंद्र उभारायला घेतले. युनियन कार्बाइड डाऊने विकत घेतलेली होती, म्हणून भोपाळची आठवण ताजी होती, आणि इंद्रायणीच्या खोऱ्यात रसायने उतरतील ही धास्ती होती. २००८ मध्ये गावकरी आणि बंडातात्या कराडकरांच्या नेतृत्वाखालचे वारकरी रस्त्यावर उतरले. टाळ-मृदंग घेऊन रस्ते अडवणारी ही माणसे पाहून कुणी म्हणाले की वारकऱ्यांनी राजकारणात पडू नये. तेरा दिवस नदीकाठी बसलेल्या माणसाच्या वारसांना हे सांगणे मला अनाकलनीय वाटते. त्याच वर्षी जुलैत जागेवर जाळपोळ झाली, तिचे समर्थन मी करणार नाही. स्वतःची भूक पणाला लावणे आणि दुसऱ्याची मालमत्ता पेटवणे यांत कान्होबाच्या निम्म्या खतांएवढे अंतर आहे. शेवटी डाऊने तिथला प्रकल्प सोडून दिला.

इंद्रायणी मात्र वाचली नाही. आळंदीच्या घाटावर आज पांढऱ्या फेसाचे थर येतात. त्यांत कारखान्यांची रसायने आहेत आणि प्रक्रिया न करता सोडलेले नागरी सांडपाणीही आहे. पहिल्याची जबाबदारी कारखानदार आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची, दुसऱ्याची पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेची आणि काठावरच्या इतर पालिका-ग्रामपंचायतींची. एकट्या वारकऱ्याने स्नान करावे की नाही हा त्याच्या हातातला प्रश्न, आणि तो बहुधा करतोच. पाणी कशाने भरले आहे हा प्रश्न त्या सगळ्यांच्या हातातला आहे, ज्यांची नावे कागदावर आहेत आणि ज्यांना मत देऊन, कर भरून, परवाना देऊन आपण त्या जागी बसवले आहे. यात हाताबाहेरचे असे फारच थोडे आहे.